विरुंगाचे राखणदार

आफ्रिकेच्या पूर्व भागात जमीन लाखो वर्षांपासून फाटत आली आहे. या खचदरीच्या पश्चिम फाट्यावर कॉंगो, रवांडा आणि युगांडा यांच्या सीमा एकत्र येतात. तिथे आठ मोठे ज्वालामुखी उभे आहेत. सर्वांत उंच कारिसिंबी ४,५०७ मीटरचा. त्याच्या शेजारी मिकेनो आणि बिसोके, पुढे साबिन्यो, गहिंगा, मुहाबुरा. हे सहा आता शांत आहेत. पश्चिमेकडचे न्यिरागोंगो आणि न्यामुलागिरा मात्र अजून धगधगतात. ही विरुंगा पर्वतरांग. तिच्या कॉंगोतल्या उतारांपासून उत्तरेला रुवेंझोरीच्या हिमशिखरांपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा आणि सुमारे ७,८०० चौरस किलोमीटर क्षेत्राचा एक पट्टा राखून ठेवलेला आहे. आफ्रिका खंडातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान.

२१ एप्रिल २०२५ रोजी त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी उद्यानाचा दक्षिण भाग आणि पायथ्याचे गोमा शहर एम-२३ या बंडखोरांच्या ताब्यात होते. शंभर वर्षांत या भूमीने वसाहतवादी सत्ता पाहिली, स्वातंत्र्य आणि यादवी पाहिली, शेजारच्या देशातला नरसंहार आणि त्यातून उसळलेला निर्वासितांचा लोंढा पाहिला, दोन पिढ्यांत तीनदा लाव्हा वस्तीवर येताना पाहिला. आणि तरीही, ज्या प्राण्यासाठी हे उद्यान निघाले त्या पर्वतीय गोरिलाची संख्या गेली चार दशके वाढते आहे. हे घडले कसे आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घ्यायचे तर सुरुवात एका बंदुकीच्या गोळीपासून करावी लागते.

१७ ऑक्टोबर १९०२. जर्मन पूर्व आफ्रिकेतला एक अधिकारी, कॅप्टन रॉबर्ट फॉन बेरिंगे, साबिन्योच्या धारेवर तळ ठोकून होता. वरच्या कड्यावर काळ्या, धिप्पाड माकडांचा एक कळप चढताना त्याला दिसला. त्याने आणि सोबत्याने गोळ्या झाडल्या. दोन जनावरे दरीत कोसळली, त्यांतले एकच मोठ्या कष्टाने वर काढता आले. त्याचे अवशेष बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाकडे रवाना झाले. पाउल माट्शी या प्राणिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये ही गोरिलाची नवी जात असल्याचे जाहीर केले आणि तिला शिकाऱ्याचेच नाव दिले. गोरिला पश्चिम आफ्रिकेच्या सखल जंगलातच राहतो ही समजूत त्यामुळे संपली, आणि विरुंगाकडे शिकाऱ्यांची व संग्रहालयांची रीघ लागली. पुढच्या दोन-अडीच दशकांत पन्नासहून अधिक गोरिला मारून किंवा पकडून नेण्यात आले. स्वीडनच्या राजपुत्र विल्हेल्मच्या मोहिमेने १९२१ मध्ये एकटीने चौदा मारले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा कार्ल एकली मिकेनोच्या उतारावर पोहोचला. एकली हा मृत प्राण्यांचे देखावे उभारणाऱ्यांतला त्या काळचा सर्वांत नावाजलेला कारागीर. कातड्यात पेंढा कोंबायची जुनी पद्धत त्याने टाकून दिली होती. प्राण्याच्या स्नायूंचा नेमका आकार मातीत घडवायचा, त्याचा साचा करायचा आणि त्यावर कातडे चढवायचे, ही त्याची रीत. तो शिकारीही पट्टीचा होता, एका बिबट्याला त्याने नुसत्या हातांनी मारले होते. त्याच्या मोहिमेत हर्बर्ट आणि मेरी ब्रॅडली हे दांपत्य होते आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी ॲलिसही. हीच मुलगी पुढे जेम्स टिपट्री ज्युनियर या टोपणनावाने विज्ञानकथा लिहून गाजली.

संग्रहालयासाठी हवे होते तेवढे पाच गोरिला या मोहिमेने मारले. पण एकलीने स्वतः बनवलेला चित्रपट-कॅमेरा बरोबर आणला होता आणि रानातल्या जिवंत गोरिलांचे पहिले चलच्चित्रण त्याने केले. भिंगातून पाहिलेला प्राणी आणि युरोपातल्या प्रवासवर्णनांतला हिंस्र राक्षस यांचा मेळ त्याला बसेना. समोरचा प्राणी पाला खाणारा, पिल्लांना सांभाळणारा, हल्ला न करता निघून जाणारा होता. मेलेल्या नराच्या चेहऱ्याकडे पाहताना आपण खुनी आहोत असे वाटू नये म्हणून मनाला शास्त्राची आठवण करून द्यावी लागली, या अर्थाची कबुली त्याने १९२३ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने एकच ध्यास घेतला: हे डोंगर शिकारीसाठी बंद झाले पाहिजेत.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला होता आणि रवांडाचा कारभारही कॉंगोप्रमाणे बेल्जियमकडे आला होता. म्हणजे गोरिलांच्या डोंगरांचा मोठा भाग एकाच सत्तेखाली होता. शिवाय बेल्जियमचा राजा अल्बर्ट पहिला १९१९ मध्ये अमेरिकेचा दौरा करताना योसेमिटी आणि ग्रँड कॅन्यन पाहून भारावला होता. अमेरिकेतला बेल्जियन राजदूत बॅरन द कार्तिए याने एकलीची मागणी दरबारी पोहोचवली. २१ एप्रिल १९२५ रोजी फर्मान निघाले आणि कारिसिंबी, मिकेनो, बिसोके यांच्या परिसरात अल्बर्ट राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९२९ मध्ये त्याचा विस्तार होऊन एडवर्ड सरोवराकडची पाणघोडे आणि हत्तींनी भरलेली मैदानेही त्यात आली.

एकली १९२६ मध्ये गोरिलांच्या अभ्यासासाठी पुन्हा विरुंगात आला. प्रवासातच आजारी पडला होता. डोंगर चढताना तो खंगत गेला आणि नोव्हेंबरमध्ये मिकेनोच्या खांद्यावरच्या काबारा कुरणात त्याचा अंत झाला. त्याची कबर तिथेच खोदली. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात १९३६ मध्ये उघडलेल्या त्याच्या नावाच्या दालनात गोरिलांचा जो देखावा आहे, त्याची रंगवलेली पार्श्वभूमी याच डोंगरउताराची आहे.

इथवरची कथा इंग्रजी-फ्रेंच पुस्तकांत पुष्कळदा सांगितली गेली आहे. मात्र डोंगरउतारावर राहणाऱ्या माणसांबद्दल त्या पुस्तकांत फारच थोडे सापडते.

ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून आणि राखेतून झालेली माती किती कसदार असते, हे दख्खनच्या काळ्या जमिनीवर वाढलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको. विरुंगाच्या उतारांवर पाऊसही भरपूर. त्यामुळे हा प्रदेश पूर्वीपासून दाट वस्तीचा. हुटू, हुंडे, नांदे शेतकरी इथे पिके काढत, तुत्सी गुराखी गुरे चारत, बात्वा लोक जंगलात शिकार करून आणि मध गोळा करून जगत. पण बेल्जियमचा पूर्वीचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या राजवटीने १८८५ मध्येच एक हुकूम काढला होता: कॉंगोतली ‘रिकामी’ जमीन सरकारची. पडीक ठेवलेले शेत, गुरांचे कुरण, शिकारीचे रान, सगळे युरोपीय मोजमापात रिकामेच ठरत होते. त्याच कायद्याच्या आधाराने उद्यानाच्या सीमा आखल्या गेल्या. आत शेती नाही, चराई नाही, शिकार नाही, मासेमारी नाही, वास्तव्य नाही. काही गावांना मोबदला मिळाला, काहींशी वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळल्या. बात्वांना तर विचारण्याचा प्रश्नच कोणाला पडला नाही.

भर म्हणून १९३७ ते १९५५ या काळात बेल्जियन सरकारने रवांडातून हजारो कुटुंबे आणून उद्यानाच्या पश्चिमेला मासिसीच्या डोंगरांत वसवली. रवांडातली दाटी कमी व्हावी आणि कॉंगोतल्या गोऱ्यांच्या मळ्यांना मजूर मिळावेत, असा दुहेरी हेतू होता. एका बाजूला उद्यान, दुसऱ्या बाजूला मळे, मध्ये आधीचे रहिवासी आणि नव्याने वसवलेले लोक. किवू प्रांतातल्या पुढच्या सर्व युद्धांची मुळे या जमिनीच्या कोंडीत आहेत, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. गोरिलाला वाचवण्याचा निर्णय योग्य होता. तो ज्यांच्या जमिनीवर घेतला त्यांना न विचारता घेतला, हा अन्यायही तितकाच खरा आहे आणि त्याचे व्याज उद्यान आजवर फेडते आहे.

१९५९ मध्ये जॉर्ज शॅलर हा तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ पत्नीसह काबाराच्या कुरणात राहायला आला. बंदूक न घेता, लपून न बसता, रोज गोरिलांच्या नजरेसमोर जाऊन बसण्याची पद्धत त्याने स्वीकारली. या पर्वतीय गोरिलांवरचा पहिला पक्का शास्त्रीय अभ्यास त्यातून झाला. विरुंगात सुमारे साडेचारशे गोरिला असावेत असा त्याचा अंदाज होता. हाच शॅलर पुढे भारतात आला आणि मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात वाघ व हरणांवर त्याने केलेले काम आपल्याकडच्या वन्यजीव अभ्यासाचा पाया ठरले.

शॅलर काबाऱ्यात असतानाच कॉंगो स्वतंत्र झाला. ३० जून १९६० नंतर काही दिवसांतच सैन्यात बंड झाले आणि बेल्जियन अधिकारी निघून गेले. उद्यान कोसळणार असे परदेशी जाणकारांचे भाकीत होते. ते खोटे ठरले ते कॉंगोली वनरक्षकांमुळे. पगाराचा पत्ता नसताना, सशस्त्र टोळ्या फिरत असताना त्यांनी गस्त चालू ठेवली आणि काहींनी त्यात जीव गमावले. रवांडा १९६२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर उद्यानाचे दोन देशांत दोन तुकडे झाले. कॉंगोच्या भागाला हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीत, १९६९ मध्ये, विरुंगा हे नाव मिळाले. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला.

जानेवारी १९६७ मध्ये डायन फॉसी काबाराच्या कुरणात उतरली. तिच्या मदतीला होता सान्वेक्वे नावाचा कॉंगोली मागकाढ्या. फॉसीने आपल्या पुस्तकात लिहिले आहे की हा माणूस पोरवयात एकलीसाठी गोरिलांचा माग काढत असे आणि प्रौढपणी शॅलरसाठी. ओल्या पाल्यावरचा पायाचा ठसा, चघळून टाकलेला देठ, रात्रीच्या बिछान्याची ऊब, हे सारे वाचायला त्याने फॉसीला शिकवले. जगाने फॉसीचे नाव ऐकले. तिच्या आधीच्या दोघांनाही ज्याने वाट दाखवली त्या माणसाचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

जुलैमध्ये बंडाळी वाढली आणि सैनिकांनी तिला डोंगरावरून खाली आणून रुमांगाबोत ठेवले. तिथून निसटून ती युगांडाला गेली आणि २४ सप्टेंबर १९६७ रोजी रवांडाच्या हद्दीत, कारिसिंबी व बिसोके यांच्यामधल्या खिंडीत, तिने कारिसोके हे संशोधन केंद्र थाटले. पुढच्या दोन वर्षांतच रवांडाने आपल्या उद्यानाची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन काढून पायरेथ्रमच्या लागवडीला दिली. या फुलांपासून कीटकनाशक बनते आणि त्याला युरोपात मागणी होती. खालचे रान गेले तसे गोरिला वरच्या थंड, ओल्या पट्ट्यात ढकलले गेले. त्यात हरणांसाठी लावलेल्या फाशांत त्यांचे हातपाय अडकू लागले. १९७७ च्या अखेरीस फॉसीचा लाडका नर डिजिट शिकाऱ्यांनी भाल्यांनी मारला. त्याचे डोके आणि हात कापून नेले होते. १९८१ च्या गणनेत अख्ख्या विरुंगा रांगेत फक्त २५४ गोरिला मोजले गेले.

फॉसीने फासे उखडले, शिकाऱ्यांना पकडून मारहाण केली, गुरे धरून ठेवली. आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी तिचे वैर झाले. पर्यटनालाही तिचा विरोध होता. तिच्याच केंद्रात काम केलेल्या बिल वेबर आणि एमी वेडर यांनी १९७९ पासून वेगळी वाट धरली: गोरिलांना माणसांची सवय लावायची, मोजक्या पर्यटकांना पैसे घेऊन थोडा वेळ दाखवायचे आणि त्या पैशातून सरकारला व गावांना जंगल राखण्याचे कारण द्यायचे. २६ डिसेंबर १९८५ च्या रात्री फॉसीचा तिच्या झोपडीत खून झाला. कारिसोकेत डिजिटच्या शेजारीच तिला पुरले. तिच्या हट्टाशिवाय गोरिला सत्तरच्या दशकातून बाहेर पडले नसते, पण पुढची दशके त्यांना तारून नेली ती वेबर आणि वेडर यांच्या वाटेने. रवांडा आज एका परदेशी पर्यटकाकडून तासाभराच्या भेटीसाठी १,५०० डॉलर घेतो आणि उद्यानाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा भोवतालच्या गावांना देतो.

१९९४ च्या एप्रिलमध्ये रवांडात तुत्सींचा नरसंहार सुरू झाला. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. जुलैमध्ये तुत्सींच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने राजधानी घेतली तेव्हा पराभूत सरकार, त्याचे सैन्य, हत्याकांडात सामील टोळ्या आणि सूडाच्या भीतीने पळालेले सामान्य हुटू शेतकरी, असा सगळा जमाव सरहद्द ओलांडून कॉंगोत (त्या वेळच्या झैरेत) शिरला. चार-पाच दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसे गोम्यात आली. किबुंबा, काताले, मुगुंगा इथे छावण्या उभ्या राहिल्या. या सगळ्या उद्यानाच्या कडेला होत्या.

छावण्यांखाली थिजलेला लाव्हा होता. त्यात कुदळ चालत नव्हती. संडासासाठी खड्डा खणता येईना, मृतांसाठी कबर खणता येईना. पटकीने पहिल्या महिन्यातच सुमारे पन्नास हजार बळी घेतले. जे जगले त्यांना अन्न शिजवायला लाकूड हवे होते आणि लाकूड होते ते उद्यानात. रोज हजारो माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन रानात शिरत. दोन वर्षांत शंभर चौरस किलोमीटरहून अधिक वनाला त्याची झळ पोहोचली. युनेस्कोने १९९४ मध्येच विरुंगाला संकटग्रस्त वारशांच्या यादीत टाकले. छावण्या १९९६ च्या अखेरीस लढाई होऊन उठल्या, पण नरसंहारात हात असलेल्या टोळ्यांपैकी अनेक उद्यानाच्या दाट रानात शिरल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांच्या मागे रवांडाचे सैन्य आले, त्यांच्याविरुद्ध कॉंगोत नवे गट उभे राहिले, आणि विरुंगा युद्धभूमी झाली.

हत्ती आणि पाणघोडे या युद्धात सर्वाधिक मेले. एडवर्ड सरोवराच्या काठी सत्तरच्या दशकात पंचवीस हजारांहून जास्त पाणघोडे होते. जगातला तो सर्वांत मोठा जमाव. मांसासाठी आणि दातांसाठी सैनिक व बंडखोर दोघांनीही ते मारले. २००५ च्या सुमारास हजारभरही उरले नव्हते.

मध्येच डोंगरानेही आपला हिशेब मांडला. न्यिरागोंगोच्या मुखात लाव्हाचे तळे असते. त्याच्या लाव्हात सिलिकाचे प्रमाण फार कमी असल्याने तो इतर ज्वालामुखींच्या रसापेक्षा कितीतरी पातळ असतो. १० जानेवारी १९७७ रोजी डोंगराची कूस फाटून हे तळे तासाभराच्या आत रिकामे झाले होते. उतारावरून ताशी साठ किलोमीटरपर्यंत वेगाने आलेल्या रसातून पळायला लोकांना वेळच मिळाला नाही. १७ जानेवारी २००२ रोजी पुन्हा भेगा पडल्या. या वेळी लाव्हा थेट गोम्याच्या भरवस्तीतून, विमानतळाची धावपट्टी झाकत किवू सरोवरात उतरला. लाखो लोक सीमा ओलांडून रवांडात गेले, सव्वा लाखाच्या आसपास बेघर झाले, शंभराहून अधिक मेले. काही दिवसांत लोक परतले आणि त्याच काळ्या खडकावर घरे बांधू लागले. २२ मे २०२१ च्या रात्री तिसऱ्यांदा रस वाहिला तो विमानतळाच्या अलीकडे थांबला.

युद्धाच्या या काळात उत्तर किवू प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची जी तुकडी तैनात राहिली तिच्यात भारतीय लष्कराचा वाटा मोठा होता. भारतीय ब्रिगेडचे मुख्यालय गोम्यातच होते आणि शांतिसेनेचे तिथले मोठे रुग्णालय भारतीय लष्करी डॉक्टर चालवत.

विरुंगावर सर्वांत घातक घाव कोळशाने घातला आहे. गोम्याची वस्ती वाढत गेली आणि जवळपास प्रत्येक घरात स्वयंपाक लाकडी कोळशावरच होत असे. स्थानिक स्वाहिलीत त्याला ‘मकाला’ म्हणतात. लाव्हाच्या उतारांवर सावकाश वाढलेल्या जुन्या झाडांचा कोळसा टिकाऊ, म्हणून भाव जास्त. सैनिक, बंडखोर आणि दलाल यांच्या साखळीने उद्यानाच्या आत भट्ट्या लावल्या आणि त्यातून वर्षाला कोट्यवधी डॉलरची उलाढाल होऊ लागली. जे वनरक्षक त्याआड आले त्यांना मारहाण झाली, अटक झाली.

आणि मग गोरिलांवर बंदूक रोखली गेली. २२ जुलै २००७ च्या रात्री रुगेंडो कुटुंबातला प्रमुख नर सेन्क्वेक्वे आणि तीन माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. शिकाऱ्यांनी मारले असते तर मांस, डोके किंवा पिल्लू नेले असते. इथे काहीच नेले नव्हते. मृतदेह सापडावेत म्हणून सोडले होते: रक्षण करायला गोरिलाच उरले नाहीत तर तुम्ही रान सोडाल, हा वनरक्षकांना दिलेला निरोप होता. पुढच्या वर्षी उद्यान खात्यातल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याला या प्रकरणात अटक झाली. ब्रेंट स्टर्टन या छायाचित्रकाराने मृतदेह खाली आणतानाचे दृश्य टिपले आहे. फांद्यांच्या तिरडीवर सेन्क्वेक्वेचे अवाढव्य शरीर बांधले आहे आणि गावकरी व वनरक्षक ती खांद्यावर घेऊन शेतांतून खाली येत आहेत. ज्यांच्या आजोबांना या रानातून हुसकले होते तीच ही माणसे, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर शोक आहे. विरुंगाच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका दस्तऐवज आहे, असे मला वाटते.

त्याच काळात मारल्या गेलेल्या माद्यांची दोन पोरकी पिल्ले, न्दाकासी आणि न्देझे, वनरक्षकांनी वाचवून वाढवली. त्यांच्यासाठी रुमांगाबोत उभारलेल्या केंद्राला सेन्क्वेक्वेचे नाव दिले. न्दाकासी १४ वर्षे जगली आणि २०२१ मध्ये तिला लहानाचे मोठे करणाऱ्या आंद्रे बाउमा यांच्या मांडीवर मेली.

२००८ मध्ये इमॅन्युएल द मेरोद यांच्याकडे उद्यानाचे संचालकपद आले. जन्माने बेल्जियन सरदार घराण्यातले, पण कॉंगोत काम केलेले. त्यांनी वनरक्षकांची नव्याने भरती केली, नियमित पगार सुरू केला. या सुमारास नवे संकट उभे राहिले होते: उद्यानाच्या मोठ्या भागावर तेलशोधाचे परवाने दिले गेले होते. एडवर्ड सरोवराखाली तेल आहे का याची चाचपणी ब्रिटनच्या सोको कंपनीने सुरू केली. १५ एप्रिल २०१४ रोजी द मेरोद गोम्यातल्या सरकारी वकिलाकडे या तेलव्यवहारासंबंधीची कागदपत्रे देऊन रुमांगाबोच्या मुख्यालयाकडे परतत होते. वाटेत दबा धरलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांच्या छाती-पोटात गोळ्या घातल्या. ते वाचले. हल्लेखोर कोण होते ते सिद्ध झाले नाही. कंपनीने हल्ल्याचा निषेध केला आणि जूनमध्ये तेलशोध थांबवण्याचे मान्य केले. त्याच सुमारास ‘विरुंगा’ हा माहितीपट प्रदर्शित झाला आणि जगभर या उद्यानाचे नाव पोहोचले.

द मेरोद यांच्या काळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते विजेची आहे. उद्यानात उगम पावणाऱ्या नद्यांवर छोटी जलविद्युत केंद्रे बांधायची, गावांना आणि गोम्याला वीज द्यायची, म्हणजे रोजगार निघेल आणि कोळशाची गरज घटेल, असा तो विचार. मुत्वांगाचे छोटे केंद्र २०१३ मध्ये, माटेबेचे १३ मेगावॅटहून अधिक क्षमतेचे २०१५ मध्ये, लुविरोचे त्यानंतर. दिवे लागले, साबणाचा आणि चॉकलेटचा कारखाना निघाला. नव्वद वर्षांनी प्रथमच उद्यानाने भोवतालच्या लोकांना काही दिले. पण चुलीवरचा कोळसा अजून हटलेला नाही आणि सीमेलगतच्या जमिनीचे दावेही मिटलेले नाहीत. बंडखोर गटांना नवे तरुण मिळतात ते याच भूमिहीन घरांतून.

किंमत मोजणे थांबलेले नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये पाच वनरक्षक आणि त्यांचा चालक एका हल्ल्यात मारले गेले. मे महिन्यात दोन ब्रिटिश पर्यटकांचे अपहरण झाले आणि त्यांच्या बचावात राशेल मासिका बराका ही २५ वर्षांची वनरक्षक मारली गेली. २४ एप्रिल २०२० रोजी रुमांगाबोजवळ १७ जण मारले गेले, त्यांत १२ वनरक्षक होते. उद्यानाच्या म्हणण्यानुसार ते एका नागरी वाहनावरचा हल्ला पाहून मदतीला धावले होते. जानेवारी २०२१ मध्ये आणखी सहा. एकूण आकडा आज दोनशेच्या पुढे आहे. जगातल्या दुसऱ्या एखाद्या राष्ट्रीय उद्यानाने क्वचितच इतकी माणसे गमावली असतील. २०२१ च्या अखेरीस एम-२३ ने पुन्हा शस्त्रे उचलली, गोरिलांच्या पट्ट्यावर ताबा मिळवला आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा घेतले.

या पार्श्वभूमीवर गणनेचे आकडे पाहावेत. १९८१ मध्ये २५४, १९८९ मध्ये सव्वातीनशेच्या आसपास, २००३ मध्ये ३८०, २०१० मध्ये ४८०, २०१५-१६ मध्ये ६०४. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलातले धरून एकूण १,०६३. यांतली बरीच वर्षे युद्धाची आहेत. २०१८ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने पर्वतीय गोरिलाला ‘अतिधोक्यातील’ वर्गातून एक पायरी खाली आणले. महावानरांमध्ये संख्या वाढत असलेला हा एकमेव. रोज प्रत्येक कुटुंबाचा माग काढणारे लोक, फाशात अडकलेल्या गोरिलाचा पाय सोडवणारे पशुवैद्य आणि तिन्ही देशांतल्या सरकारांना पर्यटनातून मिळणारा पैसा, या तीन गोष्टींचा हा परिणाम आहे.

उद्यानाच्या शताब्दीनिमित्त राजा अल्बर्ट, एकली आणि फॉसी यांची आठवण पुष्कळांनी काढली, आणि ते रास्त आहे. पण या इतिहासाचे पुढचे पुस्तक जो कोणी लिहील त्याने सान्वेक्वेपासून राशेल बराकापर्यंतच्या कॉंगोली माणसांना तळटिपेत न ठेवता मुख्य मजकुरात आणावे. विरुंगा त्यांनी टिकवले. आणि त्यांच्या गावांचा जमिनीवरचा दावा १९२५ पासून निकालाची वाट पाहतो आहे.